आईच्या नावातला एच

आप्पा पडले ते जूनच्या शेवटच्या आठवड्यात. शहापुरातल्या आमच्या घराच्या मागच्या दारी न्हाणीघरापासून विहिरीपर्यंत फरशा आहेत. पावसाला सुरुवात झाली की त्यांच्यावर हिरवं शेवाळ धरतं. दर वर्षी कुणी तरी तिथं घसरतंच. या वर्षी आप्पांची पाळी होती. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, आणि मी २९ जूनला सांबऱ्याच्या विमानतळावर उतरले तेव्हा बाहेर असला पाऊस होता की रिक्षावाल्याला गल्लीचं नाव तीनदा ओरडून सांगावं लागलं.

"कशाला आलीस गं एवढ्या लांबनं?" आप्पा म्हणाले. "मेलो नाही मी."

तेव्हाच मी कपाटावरच्या दिनदर्शिकेत २९ जूनवर पेन्सिलीने एक लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी दोन. आप्पांना वाटलं औषधाच्या गोळ्यांचा हिशोब आहे.

बारा वर्षं मी जर्मनीत आहे. त्याआधी उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत तपासणी विभागात होते. ओतीव कामाचा एकेक नग कॅलिपरने मोजायचा आणि नापास झालेला बाजूला काढायचा. तिकडेही काम तेच आहे, फक्त वाळूचा वास येत नाही. २०१७ साली मला तिथला कायम राहण्याचा परवाना मिळाला. त्याचं जर्मन नाव नीडरलासुंग्सएर्लाउबनिस, आणि ते आप्पांना मी अजून एकदाही नीट सांगू शकलेले नाही. अर्थ साधाच आहे, बस्तान बसवायची परवानगी. पण 'कायम' या शब्दावर फार विसंबून राहू नये. हक्काला मुदत नाही. तो दाखवणारं कार्ड मात्र मुदतीचं असतं, आणि माझ्या कार्डाची मुदत पासपोर्टाच्या मुदतीला बांधलेली होती. पासपोर्ट १९ नोव्हेंबरला संपणार म्हणजे कार्डही १९ नोव्हेंबरलाच. जुलैत तिकडच्या भारतीय दूतावासाकडे नवा पासपोर्ट मागायचा आणि मग परदेशी लोकांच्या कार्यालयात जाऊन नवं कार्ड घ्यायचं, असं मी ठरवलं होतं. शेवाळाला हे ठाऊक नव्हतं.

दुसरा हिशोब सहा महिन्यांचा. वास्तव्याच्या त्यांच्या कायद्यात ५१ वं कलम आहे. सलग सहा महिने देशाबाहेर राहिलात की बेमुदत परवाना आपोआप विझतो. कुणी पत्र पाठवत नाही, सुनावणी होत नाही. पंधरा वर्षं कायदेशीर राहणं झालं असेल आणि पोटापाण्याची सोय पक्की असेल तर सवलत आहे. माझी बाराच झालेली. आधी अर्ज करून जास्त मुदत मागता येते, तीही मी मागितली. पण त्याच कलमातली आणखी एक ओळ मला रात्री जागवायची. ज्या कारणाने देश सोडला ते कारणच मुळात तात्पुरतं नसेल, तर सहा महिनेसुद्धा थांबावं लागत नाही. परवाना गेल्या पावलीच संपतो.

म्हाताऱ्या बापाचं मोडलेलं हाड हे तात्पुरतं कारण आहे का? डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'तीन महिने विश्रांती व मदतनीस आवश्यक' असं लिहून दिलं. मी ते भाषांतर करून पाठवलं. चार आठवड्यांनी उत्तर आलं की कारण नोंदवून घेतलं आहे, शक्यतो मुदतीच्या आत परतावं. सभ्य उत्तर होतं. तीन महिन्यांनंतर आप्पा किती वर्षांचे असतील, हे मात्र त्या चिठ्ठीत कुठंच नव्हतं. ते तसं लिहिलं जातही नाही.

ऑगस्ट उजाडला तेव्हा दिनदर्शिकेवरचा आकडा चौतीसवर होता आणि आप्पा वॉकर धरून पलंगापासून देव्हाऱ्यापर्यंत जाऊ लागले होते. ऑक्टोबरआधी त्यांना सोडून जाणं शक्य नव्हतं. म्हणून पासपोर्ट इथूनच करून घ्यायचं ठरवलं. यात एक जोखीम होती. अर्ज स्वीकारला की जुन्या पासपोर्टावर रद्दचा शिक्का बसतो, आणि नवा हातात पडेपर्यंत आपण प्रवासाच्या दृष्टीने कुठलेच नसतो. पण माझा पहिला पासपोर्ट २००५ साली बेंगळूरहून आला होता, आणि तेव्हा एक कागद कमी पडला म्हणून आप्पा रात्रीच्या बसने जाऊन दुसऱ्या रात्रीच्या बसने परत आले होते. आता हेड पोस्टातच केंद्र आहे. रिक्षाने जायचं, पाऊस थांबेपर्यंत बाहेर चहा प्यायचा आणि परत यायचं. सरकारी भाषेत याला नूतनीकरण म्हणत नाहीत, 'री-इश्यू' म्हणतात, म्हणजे नव्याने देणं. छत्तीस पानांच्या साध्या पासपोर्टाला १,५०० रुपये, तत्काळ हवा असेल तर आणखी २,०००. मी साधाच निवडला. कंजूसपणा म्हणा हवं तर.

अर्ज भरायला म्हणून कपाटातली कागदांची पत्र्याची पेटी काढली आणि तिथंच अडकले.

आमच्या पेटीबद्दल थोडं सांगायला हवं. शहापूर आज बेळगाव शहराचाच भाग आहे, पण १९४८ पर्यंत ते सांगली संस्थानात होतं. मधला रस्ता ओलांडला की इंग्रजांचं बेळगाव सुरू व्हायचं. माझी आज्जी या घरात सून म्हणून आली ती सांगलीकरांची रयत म्हणून. आप्पा १९५१ चे, जन्म मुंबई राज्यातला. १ नोव्हेंबर १९५६ ला ते पाच वर्षांचे होते आणि घर म्हैसूर राज्यात गेलं. १९७३ ला त्याचं कर्नाटक झालं. 'आम्ही हललो नाही, सीमाच हलली' हे वाक्य बेळगावात इतक्या सभांमधून बोललं गेलंय की आता ते ऐकताना चणे खावेसे वाटतात. तरी पेटी उघडली की ते खरं असल्याचं दिसतं. वरचे कागद कन्नड-इंग्रजीत, मधले कन्नड, खालचे मराठी, आणि तळाशी एक मोडीतला कागद आहे, जो आता घरातल्या कुणालाच वाचता येत नाही. जमिनीचा असावा, असं आप्पा म्हणतात. नसेलही.

तर त्या पेटीत आईचं नाव दोन प्रकारे सापडलं.

आई चंदगड तालुक्यातली, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातली. नाव सविता. तिच्या शाळेच्या दाखल्यावर सुबक मराठीत लिहिलेलं आहे. माझ्या जन्माच्या दाखल्याचा जो उतारा आहे त्यावर एका बाजूला कन्नड आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी, आणि इंग्रजीत तिच्या नावात 'टी'नंतर एक 'एच' आहे. त्यावरूनच पासपोर्ट झाला, म्हणून माझ्या तिन्ही पासपोर्टांच्या शेवटच्या पानावर आई 'एच'सकट आहे. तिच्या स्वतःच्या आधार कार्डावर मात्र तो नाही. आणि २०१६ च्या मृत्यूच्या दाखल्यावर आधारवरून नाव घेतलं असणार, तिथंही नाही. म्हणजे मला जन्म दिला तो 'एच'सकट, आणि गेली ती 'एच'शिवाय.

हे का होतं ते सीमाभागातल्या कुणालाही वेगळं सांगायला नको, पण कोल्हापूरपलीकडच्या वाचकांसाठी सांगते. कन्नड माणूस इंग्रजीत नाव लिहितो तेव्हा 'टी' हे अक्षर तो 'ट'साठी राखून ठेवतो. मग 'त'साठी 'टी-एच'. गीता, सुनीता, ललिता, कविता, सगळ्यांच्या शेपटाला एकेक 'एच'. मराठी माणूस 'पाटील'मधला 'ट' आणि 'सविता'मधला 'त' दोन्ही एकाच 'टी'ने भागवतो आणि 'एच' फक्त 'थ'साठी खर्च करतो. यात बरोबर कोण? खरं तर कानडी पद्धतच थोडी जास्त काळजी घेते, 'ट' आणि 'त' वेगळे ठेवते. पण मग 'थ' आला की तिचेही हात रिकामे. इंग्रजीच्या सव्वीस अक्षरांत आपल्या व्यंजनांना जागाच नाही, त्याला दोन्ही शेजारी काय करणार?

मावशीचं लग्न गडहिंग्लजला झालं. तिच्या नावात 'एच' नाही. दोघी सख्ख्या बहिणी, एकाच शाळेत, एकाच पाटीवर शिकल्या. एकीला मंगळसूत्रासोबत एक अक्षर जास्त मिळालं.

आप्पांची तऱ्हा वेगळी. त्यांचं नाव ज्ञानेश्वर. मराठीत आपण 'ज्ञ'चा उच्चार 'द्न्य' करतो, म्हणून इंग्रजीत 'डी'ने सुरुवात. कन्नडमध्ये 'ज'च्या पोटात 'ञ', म्हणून 'जे'. आप्पांच्या मराठी शाळेच्या कागदावरून काढलेल्या पेन्शनच्या पुस्तकात ते 'डी'मध्ये सापडतात आणि मतदार यादीत 'जे'मध्ये. एका निवडणुकीला ते 'डी'च्या पानांवर स्वतःला शोधून घरी आले आणि म्हणाले, "नाव काढलंय माझं." मी तेव्हा कॉलेजात होते. परत घेऊन गेले, 'जे'त सापडले. संतांच्या नावाला अकारविल्हेचा त्रास व्हावा हे मला तेव्हा फार विनोदी वाटलं होतं. आप्पांना नव्हतं वाटलं.

पासपोर्टात मराठी नाही आणि कन्नडही नाही. हिंदी आहे ती रकान्यांच्या मथळ्यांपुरती. नावं सगळी इंग्रजी अक्षरांत. पण नाव लिहिताना ते कुणाच्या कानाने ऐकलं होतं, ते स्पेलिंगमध्ये राहून जातं. त्या एका 'एच'मध्ये शहापुरातल्या कुठल्या तरी टेबलामागे बसलेला, नीट ऐकून नीट लिहिणारा एक कानडी कारकून चाळीस वर्षं बसून आहे. त्याने चूक केलीच नव्हती.

तरीही मला तो 'एच' काढायचा होता. कारण भावनिक नव्हतं. नवऱ्याच्या डोक्यात आता जर्मन नागरिकत्व आहे. जून २०२४ पासून जर्मनी दुसरं नागरिकत्व चालवून घेते, भारत घेत नाही, म्हणजे इकडचं सोडावंच लागेल. त्यावर आमच्या घरी अजून वाद चालू आहे आणि तो इथं घालत नाही. पण झालंच तर जन्माचा दाखला, तो परदेशात चालावा म्हणून त्यावर अपोस्टीलचा शिक्का, त्याचं शपथेवरचं भाषांतर, असं सगळं लागतं. आणि तिकडचा अधिकारी अक्षर अक्षर लावून बघतो. कास्टिंगमध्ये आम्ही अर्ध्या मिलिमीटरची सूट देतो, नावाला सूट शून्य. जन्मगावावरून एकदा झालंच होतं. बेळगावचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालं, आणि माझ्या एका कागदावर हे, दुसऱ्यावर ते. "ही दोन गावं आहेत का?" त्या बाईंनी अगदी मनापासून विचारलं होतं. मी नाही म्हणाले. थोडा वेळ थांबून.

हेड पोस्टातल्या काउंटरवर एक तरुण मुलगा होता. जन्मगावाच्या रकान्याशी तो थबकला. "मॅडम, आता बेळगावी आहे नव्हं?" म्हटलं, जन्माच्या दाखल्यावर आहे ते राहू दे. त्याने मान डोलावली. आईच्या नावाचं विचारलं तर म्हणाला, बदलता येतं, पण पुराव्याला कागद जोडावा लागेल, आणि मग जन्माचा दाखलाही पुढेमागे दुरुस्त करून घ्या, नाही तर तिथं अडेल. म्हणजे एक 'एच' काढायचा तर पेटी तळापर्यंत उपसायची. मी अर्जाची तारीख आठवडाभर पुढे ढकलली आणि घरी आले.

त्याच संध्याकाळी ती दुरुस्तीची कागदपत्रं शोधताना स्त्रीशक्ती संघाचं पासबुक हाती लागलं. कर्नाटकात बायकांच्या बचत गटाला तेच नाव आहे. गल्लीतल्या पंधरा-वीस जणी दर आठवड्याला थोडे थोडे पैसे टाकायच्या. निम्म्या मराठी, निम्म्या कानडी, हिशोब सांभाळायला समोरच्या अक्का, त्या कानडी. पहिल्या पानांवर आईची सही मराठीत आहे, 'सविता' आणि खाली रेघ. मग अधेमधे कधी तरी ती इंग्रजी होते. अक्कांनी सगळ्यांची नावं वर इंग्रजीत लिहून दिली होती, आई ती बघून काढायची. अर्थातच 'एच'सकट. सुरुवातीला अक्षरं सुटी सुटी आहेत, मधूनच 'व्ही' उलटा. नंतर हात बसलेला दिसतो. आणि शेवटच्या शेवटच्या पानांवर त्या 'एच'च्या पायाला तिने एक शेपूट काढलंय, खाली वळवून परत वर आणलेलं, मोराच्या पिसासारखं. तिला इंग्रजी एवढंच येत होतं, सहा अक्षरांच्या नावातली सात अक्षरं.

आप्पांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून प्रत्येक पान बघितलं. पैशांचे आकडेही बघितले.

"ऱ्हाऊ दे की," म्हणाले.

अर्ज आहे तसा भरला.

पुढे गणपती आले. २७ ऑगस्टला चतुर्थी, आणि बेळगावात त्या दहा-अकरा दिवसांत पोलिसांकडून बंदोबस्ताशिवाय कशाचीही अपेक्षा धरण्यात अर्थ नसतो. माझी पोलीस तपासणी त्यातच अडकली. दिनदर्शिकेवर साठ, एकसष्ट, बासष्ट. रात्री मंडळाच्या आरतीला गेलं की गावी आलेली बाहेरची मंडळी भेटायची आणि लक्षात यायचं की प्रत्येकाच्या खिशात आपापला आकडा आहे. दुबईच्या पोराचा सहा महिने, त्यापेक्षा जास्त बाहेर राहिला की त्याचा व्हिसा गेला. कॅनडावाल्या भाच्याचे पाच वर्षांत ७३० दिवस, ते तो क्रिकेटच्या धावांसारखे तोंडपाठ सांगतो. लंडनच्या वहिनींना सलग दोन वर्षांची मोकळीक, म्हणून त्या आरतीत सर्वांत निवांत. आणि मागच्या गल्लीतल्या एकाची बायको गोव्याची. तिचे वडील १९६१ च्या डिसेंबरआधी पोर्तुगीज गोव्यात जन्मलेले, तेवढ्या आधारावर तिच्या भावाने पोर्तुगालमध्ये जन्मनोंद करून पासपोर्ट मिळवला. आमची आज्जीही संस्थानातलीच की. सांगलीच्या गणपतीचा अंगारा सोडून नातीच्या पदरात काही पडलेलं नाही.

आप्पा लहानपणी पत्रावर 'मुक्काम पोस्ट शहापूर' लिहायला शिकवायचे. मुक्काम म्हणजे वाटेतला थांबा, रात्रीपुरता. तरी पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात राहणारी माणसं आपल्या पत्त्याची सुरुवात त्याच शब्दाने करत आली.

विसर्जनाची मिरवणूक कपिलेश्वर तलावाकडे गेली, गाव दोन दिवस झोपलं, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी पोलीस आले. मध्यमवयीन गृहस्थ, डोळ्यांत अजून जागरण. खुर्चीवर बसले, पाणी प्यायले, कागद बघितले. मग विचारलं, "एष्ट दिन आत्‌री बंदु?" येऊन किती दिवस झाले.

मी "बहात्तर" म्हणाले. कानडीत आकडा पटकन सुचला नाही, मराठीतच म्हणाले. ते जरा चमकले. एवढा नेमका आकडा त्यांना कुणी दिला नसावा. बहुतेक लोक 'झाले दोन-तीन महिने' म्हणत असतील. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की यात काही तरी गोम आहे. तेवढ्यात समोरच्या अक्का, पासबुकवाल्याच, उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. साक्षीला दोन शेजारी लागतात. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पोलीस आलेले बघून आल्या होत्या.

"नम्म मनी मुंदिन हुडगी री," त्या म्हणाल्या. "सण्णाकि इद्दागिंद नोडेनि." आमच्या घरासमोरची मुलगी, लहान होती तेव्हापासून बघतेय.

पोलिसांनी ते लिहून घेतलं असेल का, मला माहीत नाही. सही मात्र घेतली. अक्कांनी कन्नडमध्ये केली, सावकाश, एकेक गोल पूर्ण करत. जाताना ते आप्पांच्या वॉकरकडे बघून म्हणाले की त्यांच्या आईचंही तेच हाड मोडलंय, फरशीवर वाळू टाका. आम्ही दुसऱ्या दिवशी टाकली. उद्यमबागेतली वाळू शेवाळावर उत्तम बसते.

परतीचं तिकीट मी १४ ऑक्टोबरचं काढलं. एकशे आठवा दिवस. रात्री सोबतीला एक मावशी ठरल्या आहेत, दिवसा अक्कांच्या सुनेचं लक्ष असेल, आणि आप्पा त्या दोघींचंही ऐकणार नाहीत हे सगळ्यांना ठाऊक आहे.

पासपोर्ट सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात स्पीड पोस्टने आला. पोस्टमन भिजलेला. पाकीट आप्पांच्या हातात द्यायला तयार होईना, ज्याच्या नावाचं त्यालाच द्यायचं म्हणून. मी अंघोळीला गेले होते. केस पुसत बाहेर येईपर्यंत दोघं ओसरीवर बसून क्रिकेटवर बोलत होते आणि पाकीट मध्ये, कुणाच्याच मालकीचं नसल्यासारखं.

आप्पांनी चष्मा मागितला. फोटोचं पान त्यांनी नुसतं उलटलं. शेवटचं पान उघडून उजेडाकडे धरलं आणि बोट लावून वाचू लागले. स्वतःचं नाव 'डी'ने, ते बघून हुंकार दिला. मग खालच्या ओळीवर बोट सरकलं, सात अक्षरं एकेक करत गेलं आणि सहाव्यावर थांबलं. अंगठ्याने त्यांनी ते हलकंच पुसल्यासारखं केलं.

"शेपूट नाही काढलं यांनी," म्हणाले.